‘संरेखन’ : एका संज्ञेची मर्यादा

‘व्हील अलाइनमेंट’ या संज्ञेस ‘संरेखन’ हा प्रतिशब्द योजिला, तर चाके सरळ रेषेत आणणे एवढाच बोध होतो. तो अपुरा आहे. २०२० पासून रो-रो बोटीने मांडव्यास मोटारी उतरू लागल्या. त्यांतील स्पोर्ट्स मोटारीचे उदाहरण घ्यावे. तिच्या चाकांचा माथा बुद्ध्याच किंचित आत कललेला असतो. त्यामुळे वळणावर बाहेरील बाजूचे टायर रस्त्यास सपाट टेकतात. सरळ मार्गावर मात्र त्यांची आतली कड अधिक झिजते. कल घटविल्यास झीज कमी होते, परंतु वळणावरील पकडही सुटते. आतली झीज सहजी दिसत नाही, आणि कोकणच्या पावसात गुळगुळीत टायर घात करतो. तात्पर्य, येथे सरळपणा नव्हे, तडजोड साधावयाची असते. ‘चाकांची बैठक’ या शब्दांत ती अधिक नेमकी व्यक्त होते.