श्रवण आणि पृच्छा

वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेले राम शेवाळकर (१९३१–२००९) यांचे नाव निघाले की प्रथम स्मरते ते त्यांचे वक्तृत्व. उत्तम प्राध्यापक म्हणजे उत्तम वक्ता, हे समीकरण विदर्भात रुजले ते अशा व्याख्यात्यांमुळेच. विद्यार्थ्यास सक्रिय करू पाहणाऱ्या आजच्या शिक्षणविचाराचा या समीकरणावर रोष आहे आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. ओघवते व्याख्यान ऐकताना विषय कळल्यासारखा वाटतो. तो खरोखर कळला काय, याची कसोटी तेथे लागत नाही.

तथापि श्रवण म्हणजे निष्क्रियता, हे गृहीत मराठीच्या अभ्यासकाने तरी मान्य करू नये. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायारंभी श्रोत्यांकडे मागितलेले अवधान ही केवळ विनयाची रीत नव्हे. श्रोत्यांच्या अवधानानेच वक्तृत्वाला बळ येते, अशी तेथील धारणा आहे.

लीळाचरित्र याहून पुढे जाते. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. महदाइसेसारखी शिष्या पुसत राहिली, म्हणून कितीतरी निरूपण घडले. पुढे म्हाइंभटाने अनेकांच्या आठवणी मिळविल्या आणि नागदेवाचार्यांच्या साहाय्याने त्या पारखून घेतल्या. येथे ज्ञानाची सिद्धी शिष्यांच्या श्रमांतून झाली आहे. मात्र महदाइसेच्या प्रश्नास उत्तर देण्यास चक्रधरच लागतात, हे विसरून प्राध्यापकास निव्वळ ‘सुलभक’ ठरविणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय.

या ग्रंथाचे संपादक वि. भि. कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन होईपर्यंत यवतमाळची महाविद्यालये नागपूरच्याच कक्षेत होती. तरीही पृच्छेतून घडलेला हा ग्रंथ वर्गात बहुधा ‘वैशिष्ट्ये लिहा’ एवढ्यापुरता उरतो! एकाच प्रसंगाच्या दोन भिन्न आठवणी एम. ए.च्या वर्गापुढे ठेवून कोणती ग्राह्य व का, असे विचारावे. जुन्या मराठीत मुरलेला प्राध्यापक त्या वेळी वर्गात हवाच.

अडचण निराळीच आहे. या जिल्ह्यात कोलामी, गोंडी वा गोरमाटी घरी बोलणारा विद्यार्थी ग्रांथिक मराठीत प्रश्न विचारण्यास बिचकतो. सहभागाचे गुण मोजणारी पद्धती त्याच्या मौनास अनास्था समजते. संस्कृतात पुसणाऱ्या पंडितास नागदेवाचार्यांनी मराठीत पुसावयास सांगितले, अशी आठवण स्मृतिस्थळात आहे. सामान्य शिष्यांस, विशेषतः म्हाताऱ्या बायांस, चर्चेबाहेर राहावे लागू नये, हे त्यामागील कारण होते.