घरपण कोण देते? : सुगरण, किहीम आणि बिल्डरची गोष्ट

१९३० साली सलीम अली किहीमला राहायला आले तेव्हा त्यांच्या हाताला काम नव्हते. बर्लिनला एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकून ते परतले होते. पण मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातली त्यांची मार्गदर्शक-व्याख्यात्याची जागा पैशाअभावी बंद झाली होती. किहीमच्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तिचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या निबंधाने पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या आत्मचरित्रातही किहीमचे हे दिवस आले आहेत.

पक्षिशास्त्राबाहेरच्या वाचकालाही हे निरीक्षण विचार करायला लावणारे आहे. घरटे विणतो तो नर. ते शिरस्त्राणाच्या आकाराइतके, म्हणजे साधारण अर्धे झाले की माद्या वसाहतीत येतात आणि आत शिरून पाहणी करतात. एखादीने घरटे पसंत केले, की जोडी जमते आणि नर ते पुरे करतो. खाली प्रवेशाची नळी विणतो. आतले मऊ अस्तर मादी घालते, अंडीही तीच उबवते. नर मात्र दुसरे घरटे बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत झालेली घरटी तशीच अर्धी लटकत राहतात. एकाच हंगामात एकामागून एक संसार मांडणारा हा नर सलीम अलींनी किहीमला पाहिला आणि शास्त्राला दाखवला.

मराठी वाचकाला हे वाचताना थोडे अडखळायला होते. आपल्या भाषेत हा पक्षी 'सुगरण' आहे, स्त्रीलिंगी आहे. बहिणाबाई चौधरींच्या सुगरणीवरच्या कवितेत घरटे बांधणारी आई आहे आणि ती पिलांसाठी बांधते. ही चूक बहिणाबाईंची नव्हे. निवारा म्हणजे आईचे काम, ही समजूत भाषेने आधीच या पक्ष्याच्या नावात घालून ठेवली होती. बहिणाबाईंनी तिला अविस्मरणीय रूप दिले. कवितेचे मोल पक्षिशास्त्राने कमी होत नाही. पण त्यातून एक गोष्ट लक्षात येते : मराठी मनाला घर बांधणारा दिसला, की त्याच्या जागी घर सांभाळणारी दिसू लागते. बांधणे आणि सांभाळणे यांतला फरक आपली भाषा सहज पुसून टाकते.

हा पुसलेला फरक पुढे कोणाच्या कामी आला, हे पाहायचे तर किहीमहून पुण्याला जावे लागेल. 'घराला घरपण देणारी माणसं' हे डी. एस. कुलकर्णी यांच्या बांधकाम-उद्योगाचे घोषवाक्य. मराठी जाहिरातींत इतके तोंडी बसलेले वाक्य क्वचितच सापडेल. ते वाक्य म्हणून वाचले पाहिजे. 'घर' ही वस्तू आहे. ती विकता येते. 'घरपण' हे भाववाचक नाम आहे. ते राहणाऱ्यांच्या राबत्यातून, भांडणांतून, आजारपणांतून, सणांतून वर्षानुवर्षे साचते. ते कोणी 'देत' नाही. वाक्याची सगळी करामत 'देणारी' या कृदंतात आहे. पैसे घेणारा इथे देणारा होतो, आणि 'माणसं' या शब्दाने कंपनी दृष्टीआड होऊन नातलग उभे राहतात. सुगरणीच्या खोप्यात नर बांधकाम करतो आणि अस्तर मादी घालते. या घोषवाक्यात बांधणाराच अस्तराचेही श्रेय घेतो.

या वाक्याच्या पाठीशी एक गोष्ट होती. पुण्यातल्या साध्या घरातला मुलगा लहानपणी भाजी विकतो. पुढे 'टेलिस्मेल' नावाने लोकांचे टेलिफोन पुसून सुगंधी करून देण्याचा धंदा काढतो. मग बांधकामात येतो आणि धायरीला 'डीएसके विश्व' उभे करतो. त्यानंतर मोटारींची विक्री, मोटरसायकली, शिक्षणसंस्था, फुटबॉलचा संघ, फुरसुंगीचे 'ड्रीम सिटी'. मराठी माणसाला धंदा जमत नाही या जुन्या खंतीवर ही गोष्ट औषधासारखी होती. व्याख्याने आणि मुलाखती यांतून ती ऐकणारे पुष्कळ जण पुढे ठेवीदारही झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवी परत न केल्याच्या प्रकरणात कुलकर्णी यांना अटक झाली; आरोपपत्रातली रक्कम दोन हजार कोटींच्या वर होती. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२२ मध्ये ते जामिनावर सुटले. आरोपांचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. समीक्षेचा प्रश्न वेगळा आहे : ही गोष्ट आपण कशी वाचली?

'शून्यातून विश्व' हा आपल्याकडचा एक रूढ वाङ्मयप्रकारच आहे. त्याची अडचण अशी, की तो घरटे अर्धे असतानाच सांगितला जातो. भाजीची टोपली त्यात असते, पहिली इमारत असते, अपमान आणि जिद्द असते. नसतो तो ताळेबंद. पुढचा प्रकल्प कोणाच्या पैशावर उभा राहतो आहे, हे वाक्य या गोष्टीत कधीच येत नाही, कारण त्या वाक्याने नायक एकटा राहत नाही. त्याच्यामागे निवृत्तिवेतनाची पुंजी ठेवलेले हजारो सहलेखक दिसू लागतात. सुगरण नराचा विस्तार बघा. मादीने पसंत केलेले घरटे पुरे झाल्यावरच तो पुढच्याला हात घालतो, आणि नापसंतीचे नुकसान त्याचे त्यालाच सोसावे लागते. मादी आगाऊ काही देत नाही. बिल्डरच्या व्यवहारात अर्ध्या घरट्यालाच पैसे मोजले जातात आणि नापसंतीची वेळ पैसे गेल्यानंतर येते.

कायद्याने हा फरक ओळखला, पण सावकाश. महाराष्ट्राचा सदनिका कायदा १९६३ चा. त्यात नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत रक्कम घेण्याची मुभा होती. २०१६ च्या रेरा कायद्याने ती दहा टक्क्यांवर आणली आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा सत्तर टक्के भाग त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन घातले. एका घरट्याचे गवत दुसऱ्याला वापरू नये, इतकाच त्याचा साधा अर्थ. मात्र उद्योजकाच्या नावावर विश्वासून ठेवलेली मुदत ठेव ही घराची खरेदी नव्हे. तिला या खात्याचे संरक्षण नाही. तिथे ठेवीदाराजवळ उरते ते घोषवाक्य.

पुन्हा किहीमला येऊ. मार्च २०१९ मध्ये इथल्या किनाऱ्यावरचा नीरव मोदी यांचा बंगला प्रशासनाने स्फोटके लावून पाडला. पुढच्याच वर्षी भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईची मोटार बोटीतून थेट या बाजूला उतरू लागली. नारळी-सुपारीच्या वाड्यांच्या जागी 'सेकंड होम'च्या जाहिराती आल्या. त्यांतही 'आपुलकी', 'मुळांकडे परत', 'स्वप्न' हेच शब्द आहेत, आणि चित्रात पुरे झालेले घर असते, जे जागेवर अजून नसते.

मराठी समीक्षेने कादंबरी वाचली, कविता वाचली. जाहिरात आणि यशोगाथा मात्र वाचायच्या लायकीच्या मानल्या नाहीत. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या मध्यमवर्गाने जन्माची पुंजी ज्या वाक्यांच्या भरवशावर दिली, ती वाक्ये मात्र तिथलीच होती. पसंती देण्याआधी मादी घरट्याच्या आत शिरून पाहते, हे सलीम अलींनी किहीमच्या पावसाळ्यात नोंदवून ठेवले आहे. बिल्डरच्या गोष्टीच्याही असेच आत शिरून, देणारा कोण आणि घेणारा कोण हे तपासणे, हे समीक्षेचेच काम होते. ते आपण केले नाही, आणि त्याची किंमत ठेवीदारांनी मोजली.