सावळ्याचा आकडा

रंगाला नाव असावे की क्रमांक, हा वाद वरवर पाहता कापडदुकानातला वाटतो; वस्तुतः तो समीक्षेचाही आहे. संगणक कोणताही रंग लाल, हिरवा व निळा यांच्या ० ते २५५ अशा तीन आकड्यांत सांगतो. त्यातून १,६७,७७,२१६ छटा हाताशी येतात. मराठीत आमसुली, अबोली, मोरपंखी, श्रीखंडी करीत शंभरी गाठतानाच दम लागेल. मग शब्द हरले म्हणायचे काय?

काही ठिकाणी ते हरतात, हे मान्य केले पाहिजे. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजाचा ठराव केला, त्यात गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा हे रंग शब्दांतच होते. पण खरे केशर दुधात घातले तर दूध पिवळे होते! पुढे १९५१ पासून ध्वजाची मानके आली, सुधारली गेली आणि केशरी रंगाला ०.५३८ व ०.३६० हे निर्देशांक मिळाले. खादीचे ध्वज नांदेडला होतात, हुबळीलाही होतात. दोन्हीकडचा केशरी एकच निघावा, हे नुसत्या शब्दाच्या भरवशावर साधले नसते.

परंतु आता बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या आठ ओळींची कविता. तिच्यातील औदासीन्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, ते येथे पुन्हा नको. झऱ्याला निळा म्हणून कवी थांबत नाही, त्या निळ्याला तो ‘सावळा’ जोडतो. सावळा हा मराठीत वस्तूंचा रंग नव्हे. भिंत सावळी नसते, लुगडे सावळे नसते. सावळा माणूस असतो, कृष्ण असतो, पंढरीचा विठोबा असतो. या एका विशेषणाने पाण्याला अंगकांती येते. अखेरीस झाडाला जी माणसाची बैठक लाभते, तिची तयारी इथेच झालेली आहे. त्या पाण्याचा रंग यंत्राने मोजला असता तर आकडा बिनचूक आला असता. पण औदुंबर झाडच राहिला असता.

हा ‘सावळा’ आपल्या मुलांना अडत नाही. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला; मुले हिंदीत शिकली, तरी साँवला त्यांना ठाऊकच असतो. अडतो तो आमसुली. कोकमाचे झाड कोकणातले. आमच्या आमटीत चिंच. ज्याने आमसूल पाहिले नाही, त्याला हा शब्द त्या तीन आकड्यांइतकाच मुका. तरीही इकडच्या नवकवींच्या वह्यांत संध्याकाळ आमसुली होते, तेव्हा ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकांतून उसनी आणलेली असते, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते.

भरवेलीच्या खाणीतल्या मँगनीजचा काळा हा काजळाचा काळा नव्हे. त्यावर पोलादी झाक असते. मोहाचे ताजे फूल सायीसारखे फिकट, वाळले की मनुक्यासारखे तांबूस-तपकिरी. आमच्याकडच्या लिखाणात हे रंग मला अद्याप भेटलेले नाहीत. भेटलाच तर ‘मोहासारखा’ एवढाच शब्द भेटतो. ताजा मोह की वाळलेला, हे वाचणाऱ्याने ओळखायचे.