लेखक कोण, छापणारा कोण?

मागच्या वेळी आपण ‘कर्ता’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज त्यासाठी उपनिषदांकडे जायचं नाही, एका कंपनीच्या वेबसाइटकडे जायचंय. हसू नका.

माझा एक जुना विद्यार्थी पंप बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्यांनी वर्डप्रेसवर साइट उभी केली. हेतू चांगला होता: सगळ्या विभागांनी मिळून लिहायचं. वर्डप्रेसमध्ये पाच भूमिका आयत्या मिळतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, काँट्रिब्यूटर, सबस्क्रायबर. (चार वर्णांवर एक जास्त!) सर्व्हिसच्या मेकॅनिकला त्यांनी काँट्रिब्यूटर केलं, मार्केटिंगच्या बाईंना एडिटर. काँट्रिब्यूटर मसुदा लिहितो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे. मजकूर एकदा प्रसिद्ध झाला की, तो स्वतःचा असला तरी, त्याला हात लावता येत नाही.

मेकॅनिकने लिहिलं होतं, ‘पंपात पाणी भरल्याशिवाय सुरू करू नका, सील जळेल.’ बाईंना ते भीतिदायक वाटलं. त्यांनी तिथे ‘सुरू करायला अतिशय सोपा’ असं केलं आणि छापलं. वर नाव मेकॅनिकचंच! ज्याला चूक कळत होती त्याला ती दुरुस्त करता येईना, आणि ज्यांना दुरुस्त करता येत होती त्यांना ती चूकच वाटेना.

कोणी म्हणेल, रिव्हिजन जपलेल्या असतात की. असतात. कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं. ‘का’ बदललं ते त्यात नसतं. शिवाय त्या रिव्हिजन या मेकॅनिकला उघडताच येत नाहीत. नोंद म्हणजे जबाबदारी नव्हे.

आता जूमला घ्या. २००५ साली मँबो या प्रणालीच्या मुख्य प्रोग्रॅमरांचं मालक कंपनीशी पटेना, म्हणून ते बाहेर पडले आणि त्यातून ही निघाली. नाव स्वाहिली ‘जुमला’वरून, म्हणजे सगळे मिळून. शब्द मूळचा अरबी. आपल्या जुन्या हिशेबांतला एकूण बेरजेचा जुमला तोच. (आजच्या राजकारणातला अर्थ सोडून द्या.) तर या जूमलात ‘ऑथर’ला स्वतःचं लिहिलेलं प्रसिद्ध करता येत नाही, वर्डप्रेसच्या ‘ऑथर’ला येतं. जूमलाचा ‘एडिटर’ दुसऱ्याचं बदलू शकतो, पण छापणं ‘पब्लिशर’च्या हाती. म्हणजे ‘लेखक’ कोण, हे प्रोग्रॅमरने ठरवलं आणि आपण ते निसर्गनियमासारखं मुकाट मान्य केलं. माझा आक्षेप इथे आहे. यंत्राने सोय दिली होती, तत्त्व नव्हे.

मग सगळ्यांना सगळं मोकळं करायचं? वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिलं विकी काढलं ते असंच होतं, कोणीही यावं, पान बदलावं. पण ग्राहक ज्यावर विसंबून बटण दाबणार ते पान असं ठेवणं मला पटत नाही. उपाय साधा आहे. वर्डप्रेसमध्ये नव्या भूमिका करता येतात, अधिकार वेगळे वाटता येतात; पाच हा आकडा काही वेदवाक्य नाही. वापराच्या सूचनांचं पान मेकॅनिकच्या होकाराशिवाय बदलायचं नाही, जाहिरातीचं पान बाईंच्या. ज्याला ज्यातलं कळतं, त्याच्याकडे त्याची किल्ली.

विद्यार्थ्याला हे सांगितलं तर म्हणाला, “सर, मेकॅनिकला एडिटरच्या वर कसं बसवायचं? साहेब विचारतील.” बघा, पंपाचा प्रश्न खुर्चीवर आला. शेवटी त्याने भूमिकेचं नाव बदललं, ‘तांत्रिक तपासनीस’ केलं, तेव्हा साहेबांची सही झाली. पाण्याची ओळ आता परत आली आहे, पानाच्या अगदी वर.

हं, मागे कोणाचा तरी हात वर आहे. विचारा.