आठवणीतली चव कोणाची?

बालपणीच्या चवींवरचे आपले लेखन बहुधा सुगरणीच्या गौरवात संपते. सोलापूरच्या कडक भाकरीवर नि शेंगाचटणीवरही असेच लिहिले जाते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) ही वाट सोडते. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ (१९७०) वाटी-चमच्याचे माप देते. त्यामागे भरलेले डबे गृहीत असतात. पाटोळे सोलापूरशेजारच्या मराठवाड्यातील दलित चुलीवरचे रक्ती, चान्या असे पदार्थ नोंदवतात, तेव्हा तेल, तूप, दूध नसणे ही पाककृतीची पहिली अट ठरते. त्यामुळे ‘साधे जेवण’ हा शब्दच तपासावा लागतो. साधेपणा कोणी निवडला आणि कोणावर लादला गेला, हे विचारल्याशिवाय खाद्यस्मृतींची समीक्षा पुरी होत नाही.