थकबाकीदार कोण?

‘सातबारा कोरा करा’ ही घोषणा महाराष्ट्राच्या राजकारणात आता चांगली रुळली आहे. निवडणूक आली की ती भिंतीवर येते आणि सत्ता आली की शासननिर्णयात येते. शेतकऱ्याचे कर्ज माफ होऊ नये असे म्हणणारा माणूस या पानांचा वाचक असणार नाही. प्रस्तुत लेखकही तसे म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याचे काय कोरे करणार? उजनी धरणाच्या काठावरील गावांतली मुले ज्याच्या वर्गात येतात, त्या शिक्षकाला हा प्रश्न टाळता येत नाही. येथील कितीतरी भूमिहीन घरांत आज कर्ज आहे, पण ते पिकाचे नाही. ते मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाचे आहे, आणि या कर्जाच्या माफीची घोषणा कोणत्याही भिंतीवर दिसत नाही.

भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. माढा तालुक्यात भिंत उभी राहिली आणि फुगवट्याचे पाणी करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंडपर्यंत मागे पसरले. गावठाणे उठली, वस्त्या उठल्या. ज्यांची जमीन बुडाली त्यांचे नुकसान अपुरे आणि उशिरा का होईना, पण एकर-गुंठ्यांत मोजले गेले. ज्यांचे जगणे दुसऱ्याच्या शेतावरच्या मजुरीवर आणि गावकीच्या कामावर चालले होते, त्यांच्या नुकसानीला मापच नव्हते. पुढे त्याच पाण्यावर ऊस आला, साखर कारखाने आले. कंदरची केळी परदेशी जाऊ लागली. पाणी उचलायला मोटार लागते, पाइपलाइन लागते, त्यासाठी कर्ज लागते आणि कर्जाला तारण म्हणून जमीन लागते. महारवतनाची जी जमीन होती तिचे काय झाले, हेही विसरता येत नाही. १९५८च्या कायद्याने वतने खालसा झाली, पण तीच जमीन परत आपल्या नावावर व्हावी म्हणून कब्जेहक्काची रक्कम भरावी लागली. ज्यांनी भरली त्यांना ती नव्या शर्तीने मिळाली. म्हणजे धरण भरले तेव्हा आमच्यापैकी बहुतेकजण कोरड्या बाजूलाच उभे होते.

अशा समाजाने पदवीकडे जमीन म्हणून पाहिले, यात नवल नाही. ‘तू शिक, तेच आपलं वावर’ असे सांगणारा बाप आमच्या भागात घरोघरी भेटतो. हे वावर आता उधारीवर मिळू लागले आहे. २००१ साली बँकांनी शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना स्वीकारली. चार लाखांपर्यंत तारण नाही, शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर काही काळ हप्ता नाही. वरवर पाहता हे औदार्य वाटते. आता हिशेब मांडून पाहू. समजा, एका मुलीने चार वर्षे दरसाल एक लाख रुपये दहा टक्के सरळ व्याजाने घेतले आणि पुढचे एक वर्ष सवलतीचे मिळाले. पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी तिच्या नावावर ५ लाख ४० हजार रुपये असतात. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला सुमारे ७,१०० रुपये. कंत्राटी नोकरीत पहिल्या वर्षी हातात काय पडते, हे वाचकांना सांगायला नको. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी या सवलतीच्या काळातले व्याज भरण्याची केंद्राची योजना २००९-१०पासून आहे. पण ती व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांपुरती आहे आणि नोकरी लागो न लागो, मुदत संपताच ती संपते. २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेची दारे देशातील निवडक ८६० संस्थांपुरती उघडली. ऊसतोडीच्या टोळीबरोबर हिंडत वाढलेली मुले बहुधा त्या यादीतील संस्थांत नसतात.

कर्जाचा दुसरा एक प्रकार आहे. त्याचा कागद बँकेत नसतो, महाविद्यालयाच्या कार्यालयात असतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. २०२०च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी पाच वर्षांचा ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला. केंद्राचा वाटा साठ टक्के ठरला आणि तो थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला. पण रक्कम वेळेवर आली नाही की संस्था म्हणते, ‘आधी फी भरा, मग गुणपत्रिका न्या.’ विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास मनाई केली आहे. तरीही कागद अडतो, आणि कागद अडला की नोकरीचा अर्ज अडतो. म्हणजे उशीर सरकारचा आणि थकबाकीदार विद्यार्थी! उलट बँकेचे कर्ज थकले तर सार्वजनिक बँकांच्या नोकरभरतीतच उमेदवार अपात्र ठरू शकतो. नोकरी नाही म्हणून हप्ता थकतो आणि हप्ता थकला म्हणून नोकरी नाही, या फेऱ्याला व्यवस्था ‘आर्थिक शिस्त’ असे नाव देते.

हप्ते थांबवता येतात, हे २०२० साली सर्वांनी पाहिले. टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत हप्त्यांना स्थगिती दिली. पण व्याज थांबले नाही. चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक तेवढा सरकारने नंतर भरून दिला. अमेरिकेत त्याच काळात सरकारी विद्यार्थी-कर्जाचे हप्ते थांबले आणि व्याजदर शून्यावर आणला गेला. ही स्थिती २०२३पर्यंत राहिली. तेथील कर्जमाफी मात्र जून २०२३मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रोखली. सरकारला तसा अधिकार कायद्याने दिलेला नाही, असे न्यायालय म्हणाले. आपल्याकडे अधिकाराचा प्रश्नच येत नाही. २००८ साली केंद्राने आणि २०१७ व २०१९ साली राज्याने शेतीकर्ज माफ केले. सत्ता होती, इच्छा झाली आणि तरतूद झाली. २०१९च्या योजनेला तर महात्मा जोतीराव फुले यांचे नाव दिले गेले.

हे नाव चुकीचे नाही. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर जोतीरावांनी आसूड ओढलाच होता. पण त्यांच्या आधीच्या हिशेबाकडे कोणी पाहत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी मांडले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या पदरात पडतो. शिक्षणाचे देणे कोण कोणाला लागते, याची ती पहिली नोंद होय. तोच निकष आज लावला तर धरणाच्या पाण्यावर, उसावर आणि साखरेवर उभ्या राहिलेल्या संपत्तीत ज्या मजुराचे श्रम आहेत, त्याच्या मुलीला शिक्षण उधार देणे हा कोणता न्याय आहे?

कर्ज हा केवळ दोघांमधला करार नसतो, हे तर इंग्रज सरकारलाही मान्य करावे लागले होते. १८७५च्या मे महिन्यात येथून जवळच, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले. १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा आला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सोलापूर होता. रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता कर्ज कसे वाढत गेले हे तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सावकाराच्या रोख्याला जे लागू झाले, ते विद्यार्थ्याच्या करारपत्राला का लागू होऊ नये?

आमच्या चळवळीला हा विचार परका नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, त्यासाठी दहा वर्षांच्या नोकरीचा करार त्यांनी केला होता. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्याला गेले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. करार एका बाजूने पाळायचा आणि जातीने दुसऱ्या बाजूने तो अशक्य करायचा, असा हा प्रकार होता. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज एवढ्या आधारावर. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्याने स्वतः कर्ज काढून शिकण्याचा ताण सोसला त्याने समाजासाठी कर्ज मागितले नाही, शिष्यवृत्ती मागितली. या दोन शब्दांतले अंतर आपण विसरत चाललो आहोत.

याचा दोष साहित्याकडेही जातो. ‘बलुतं’, ‘आठवणींचे पक्षी’, ‘तराळ-अंतराळ’, ‘अक्करमाशी’ या आत्मकथनांनी शिक्षणासाठीची भूक आणि अपमान मराठीत प्रथमच उघड केला. त्या पिढीपुढे बँकेचे शैक्षणिक कर्ज नव्हते. आज ते आहे, पण आमचे लेखन अजून पदवीच्या दारातच थांबते. पदवी मिळाली की मुक्ती मिळाली, हे जुने कथासूत्र आम्ही सोडायला तयार नाही. शिवाय ‘समाजाचे ऋण फेडा’ हे वाक्य आम्ही इतके उच्चारले की, ऋण फेडणे हीच नीती असे मुलांच्या मनावर ठसले. समाजाचे ऋण आणि बँकेचे कर्ज एक नव्हे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. हप्ता थकला की मुलगा भीमजयंतीला गावाकडे यायचे टाळतो, त्यामागे ही लाज आहे.

माफीवर आक्षेप येणारच. फेडण्याची सवय मोडेल, असे म्हटले जाते. मोठ्या उद्योगांची थकित कर्जे बँका निर्लेखित करतात तेव्हा सवयीची ही चिंता कुठे असते? दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. आजचे कर्ज पुसले तरी उद्याची मुले पुन्हा त्याच रांगेत उभी राहतील. म्हणून नुसती माफी पुरेशी नाही. भूमिहीन आणि अल्प उत्पन्नाच्या घरांचे शैक्षणिक कर्ज रद्द झाले पाहिजे. इतरांना नोकरी लागेपर्यंत व्याजासह स्थगिती मिळाली पाहिजे. शिष्यवृत्ती प्रवेशाच्या वेळीच संस्थेत जमा झाली पाहिजे. अडवलेली गुणपत्रिका बिनशर्त हाती पडली पाहिजे.

ही मागणी करण्यापूर्वी एक काम आपल्या हातात आहे. गावोगावच्या शिक्षकांनी, वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी वह्या घालाव्यात: कोणी किती घेतले, व्याज किती झाले, शिष्यवृत्ती किती महिने उशिरा आली, कोणाचा कोणता कागद कोठे अडला. सोसायटीच्या फळ्यावर थकबाकीदारांची यादी लागते. आपलीही यादी तयार असली पाहिजे, आणि तिच्यात सरकारकडची बाकी पहिल्या ओळीत लिहिलेली असावी.