मुद्रण सुबक, मुखपृष्ठ वेधक!

मराठीतले कोणतेही पुस्तक-परीक्षण घ्या. कथानक, पात्रे, भाषा, लेखकाचा जीवनविषयक दृष्टिकोन यांचा यथास्थित समाचार घेऊन झाला, जागा संपत आली, की परीक्षक शेवटी लिहितो : 'मुद्रण सुबक, मुखपृष्ठ वेधक.' लग्नघरातून निघता निघता पाहुण्याने "जेवण छान होते हो" म्हणावे, तसे हे वाक्य. आचारी पहाटे किती वाजता उठला आणि कोणत्या पदार्थाने त्याला दगा दिला, याची चौकशी कोणी करीत नाही. मीही अशी परीक्षणे लिहिली आहेत. एकदा तर मुखपृष्ठावर कसले चित्र होते हे आठवत नसतानाही ते 'वेधक' असल्याची ग्वाही मी दिली होती. त्या पापाचे थोडे क्षालन करावे, म्हणून हा लेख.

माझा अधिकार विचाराल तर तो बेताचाच आहे. शिक्षण मॅट्रिकचे, त्यावर चित्रकलेच्या मास्तराची दोन वर्षांची पदविका. तालुक्याच्या गावी शाळेत मुलांना नक्षीकाम आणि अक्षरलेखन शिकवतो व रात्री कादंबऱ्या लिहितो. थोडक्यात, अक्षरावर पोट भरणारा माणूस. तथापि माझ्याच पुस्तकाच्या बाबतीत माझी जी फजिती झाली ती अक्षराचीच झाली, आणि ती सांगितल्याखेरीज पुढे बोलण्याचा मला हक्क नाही.

कादंबरी ऊसतोड कामगारांवर होती. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि माझ्या वर्गातली काही बाके उन्हाळ्यापर्यंत रिकामी राहतात. त्या रिकाम्या बाकांवरून ती सुचली. प्रकाशक म्हणाले, "मास्तर, मुखपृष्ठाचे फिनिश तुमच्या पसंतीचे करू," आणि नमुन्यांची वही त्यांनी माझ्यापुढे सरकवली. बस्त्याला बसलेल्या माणसाचे होते तसेच माझे झाले. हेही असू द्या, तेही असू द्या! चकचकीत लॅमिनेशन, नावाला सोनेरी फॉइल आणि कोयत्याच्या पात्यावर स्पॉट यूव्हीचा लकाकता थर. पुस्तक हाती आले तेव्हा ते दुरून एखाद्या सराफाच्या दिनदर्शिकेसारखे दिसत होते. आधीच चकचकीत असलेल्या पापुद्र्यावर यूव्हीचा चकचकीत थर उठून दिसणार कसा? तो दिसलाच नाही. पैसे मात्र दिसले.

हे सारे मी हसण्यावारी नेले असते. पण आईने पुस्तक हातात घेतले. आई उतारवयात प्रौढशिक्षणाच्या वर्गात अक्षरे शिकली. बोट ठेवून, ओठ हलवीत वाचते. अर्पणपत्रिकेवर तिचे बोट थांबले. 'तीर्थरूप अण्णांच्या स्मृतीस' एवढाच मजकूर. पण तेथे रफार 'थ'च्या डोक्यावर बसायच्या ऐवजी एक लंगडा 'र' पाय मोडून शेजारी उभा होता, आणि 'स्मृ' फुटून त्याचे दोन तुकडे झाले होते. आईने दोनदा वाचायचा प्रयत्न केला आणि चष्मा काढीत ती म्हणाली, "हे अक्षर मला येत नाही रे. आमच्या बाईंनी शिकवलं असेल, मीच विसरले."

छापखान्यातली चूक तिने स्वतःच्या अंगावर घेतली. ज्यांनी आयुष्यभर वाचले, ते मुद्रणदोष पाहून हसतात आणि पुढे जातात. जो नुकता वाचायला लागला आहे, त्याला छापलेले अक्षर चुकू शकते हेच ठाऊक नसते. तो स्वतःलाच दोष देतो. म्हणून मुद्रणाची सुबकता हा केवळ डोळ्यांच्या सुखाचा प्रश्न नाही, असे मी त्या दिवसापासून मानू लागलो.

चूक झाली कशी? अर्पणपत्रिकेचा मजकूर मी आयत्या वेळी फोनवर धाडला. सजावट करणाऱ्या मुलाने तो उचलून आपल्या संगणकावरच्या पानात ठेवला. आपली लिपी नुसती अक्षरांची रांग नव्हे. अक्षर अक्षराला कसे जोडायचे, हे प्रणालीला ठाऊक असावे लागते. भारतीय लिपींची ती सोय निवडलेली नसली, की जोडाक्षरे सुटी होतात. शिवाय जुन्या पद्धतीच्या टंकांत मराठी अक्षर हे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असते, आणि युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. एका पद्धतीतला मजकूर दुसरीत तसाच नेला की त्याचा चिवडा होतो. मुलाने प्रूफ मला व्हॉट्सॲपवर पाठवले. मी ते मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिले आणि लिहिले, 'ठीक आहे.' अपराधी शोधायला दूर जायला नको.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, छापण्यासाठी फाइल तयार करणे हे लेखनाचेच शेवटचे प्रकरण आहे. त्यात पाहायचे काय, हे घरी लग्नपत्रिका किंवा संस्थेची स्मरणिका छापून घेणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो.

पहिली गोष्ट मापाची. पान कापले जाते तेव्हा पाते केसभर इकडेतिकडे सरकतेच. म्हणून कडेपर्यंत जाणारा रंग किंवा चित्र चारी बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवून ठेवतात. याला ब्लीड म्हणतात. ते नसले तर कडेला पांढरी रेघ राहते. उलट नाव, तारीख, पत्ता असा जिवाचा मजकूर कडेपासून आत ठेवावा, म्हणजे पात्याखाली सापडत नाही. पुस्तकाच्या कण्याचे मापही आधी ठरवायला हवे. माझी कादंबरी २४० पानांची, म्हणजे १२० कागद; एका कागदाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली तर कणा १२ मिलिमीटरचा. मुखपृष्ठ त्या हिशेबाने रचले, आणि नंतर आतला कागद बदलून अधिक फुगीर घेतला. कणा जाड झाला आणि त्यावरचे माझे नाव गर्दीतल्या माणसासारखे एका कडेला ढकलले गेले.

दुसरी गोष्ट चित्राची. छापील चित्राला प्रत्यक्ष छपाईच्या आकारात दर इंचाला ३०० बिंदू हवेत, असा सर्वसाधारण नियम आहे. डेमी आकाराचे मुखपृष्ठ साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. म्हणजे १६५० बिंदू आडवे आणि २५५० उभे, शिवाय ब्लीड वेगळे. फोनवरून आलेले छायाचित्र वाटेत आकसलेले असते. पडद्यावर ते गोड दिसते, कागदावर त्याचा धुरळा होतो. लहान चित्र ताणून मोठे केल्याने बिंदू वाढत नाहीत. पीठ तेवढेच ठेवून पाणी ओतल्याने भाकरी वाढत नाही, तसेच हे.

तिसरी गोष्ट रंगाची. पडदा प्रकाशाने रंगतो, कागद शाईने. पडद्यावर लाल, हिरवा, निळा या तीन प्रकाशांचा खेळ. छापखान्यात सायन निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाया. झेंडूचा पेटता नारिंगी पडद्यावर जितका पेटतो तितका चार शायांत पेटत नाही. ही शाईची मर्यादा आहे, छापखानेवाल्याची लबाडी नव्हे. फाइल आधीच चार शायांत करून, कागदावरचे प्रूफ काढून, ते दिवसाच्या उजेडात पाहावे. आणि मजकुराचा काळा रंग नुसत्या काळ्या शाईचाच ठेवावा. चारही शायांचा मिळून काळा केला आणि एखादी प्लेट किंचित जरी हलली, तर आपले अनुस्वार, उकार आणि रफार यांना रंगीत सावल्या फुटतात. देवनागरीत वर आणि खाली एवढी बारीक वस्ती आहे, की तिथला धक्का रोमन लिपीपेक्षा आपल्याला अधिक बसतो.

ही सिद्धता झाली, मग फिनिशचा विचार. माझे दुसरे म्हणणे येथे येते. फिनिश हा दागिना आहे असे आपण समजतो. वास्तविक हे पुस्तक कोणाच्या हातात, किती दिवस आणि कसे राहणार आहे, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. शाळेच्या वाचनालयातले बालसाहित्य शेकडो हातांतून जाते, डब्याच्या तेलाशी त्याची गाठ पडते. त्याला लॅमिनेशन हवेच. पण तो प्लॅस्टिकचा पापुद्रा फक्त एका बाजूला असतो. पावसाळ्यात कागदाची उघडी बाजू दमट हवा पिऊन पसरते, पापुद्रा पसरत नाही, आणि मुखपृष्ठ बाहेरच्या अंगाला वळते. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. मॅट लॅमिनेशन दिसायला शांत. परंतु गडद रंगावर बोटांचे ठसे आणि ओरखडे ते लपवीत नाही. स्पॉट यूव्ही शोभतो तो अशा मॅट पृष्ठावर, आणि त्याची जागा दाखवणारी फाइल निव्वळ काळ्या रंगात वेगळी द्यावी लागते. सोनेरी फॉइल तापलेल्या ठशाने दाबून बसवतात. रेघ फार बारीक असली तर ती तुटते, आणि 'क्ष'-'ष'मधली पोकळी अरुंद असली तर ती सोन्याने बुजते. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीला ती खुलते. तिच्याच सोन्याने कुलदेवतेपासून मामांच्या नावापर्यंत सगळे मढवले, की वाचता येते ते फक्त पत्रिकेचे वजन.

कोणी म्हणेल, मास्तर, झगमगाटाशी तुमचे वैर आहे. तसे नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथे एकेका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागे, आणि तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वर व्हार्निशची लकाकी असे. ती चित्रे घरोघर गेली, आणि कित्येक घरांत लक्ष्मी-सरस्वतीच्या लुगड्यांना जरी, टिकल्या, खरे कापड चिकटवले गेले. हेही फिनिशच! पण ते घरातल्या हातांनी, श्रद्धेने केलेले होते, आणि चित्रातल्या देवतेला ते साजत होते. मी माझ्या कोयत्याला सोने चढवले त्यात श्रद्धा कसली होती? कामगाराच्या फडावर मी वरातीचा मांडव घातला होता. रसिकतेतली चूक म्हणतात ती हीच. ती परीक्षकाने दाखवायला हवी होती. एकानेही दाखवली नाही. सर्वांना मुखपृष्ठ 'वेधक' वाटले.

दिवाळी अंकांच्या वाचकांना दीनानाथ दलालांचे नाव सांगावे लागत नाही. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' सुरू केले आणि १९७१ साली ते गेले. त्यांच्या चित्रांतले तेज रेषेत आणि रंगांच्या शेजारात आहे. ते वरून लावलेले नाही. याचा अर्थ जुने सगळे सोने असा नाही. खिळ्यांच्या काळातही मात्रा तुटत, शाई फुटे, आणि शुद्धिपत्रासाठी शेवटचे पान राखून ठेवावे लागे. परंतु शुद्धिपत्र छापण्याइतकी लाज त्या काळी होती.

विक्रेत्यांचा एक आक्षेप मला मान्य आहे. शंभर पुस्तकांच्या गर्दीत हात जावा म्हणून काहीतरी चमकावे लागते, असे ते म्हणतात. खरे आहे. पण आज कितीतरी पुस्तके वाचक फोनवरच पाहून मागवतात. त्या टिकलीएवढ्या चित्रात फॉइल चमकत नाही आणि यूव्ही दिसत नाही. दिसते ते फक्त नाव वाचता येते की नाही एवढेच. म्हणजे व्यापाराच्या दृष्टीनेही आधी अक्षर, मग झगमगाट.

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी स्वतः छापखान्यात जाऊन बसलो. फॉइल काढले, यूव्ही काढला. मुखपृष्ठाला खरखरीत, न चकाकणारा कागद घेतला. वर काळ्या शाईत एक रिकामे बाक. बाइंडर म्हातारा होता. हात फिरवून म्हणाला, "मास्तर, हे मळणार बरं का." मी म्हटले, "मळू द्या." वाचणाऱ्या हातांची खूण त्या पुस्तकावर राहिली तर ती मला चालणार होती. विटलेली पाने बदलून देण्याची तक्रार दोघातिघांनी केली, हेही नमूद केले पाहिजे. प्रत्येक निवडीची काही किंमत असतेच.

अर्पणपत्रिकेचे प्रूफ मात्र मी कागदावर काढून घरी आणले आणि आईपुढे ठेवले. तिने बोट ठेवले, ओठ हलवले आणि 'तीर्थरूप'वर न अडखळता पुढे गेली. मग म्हणाली, "आता हे अक्षर येतं मला." मागच्या वेळची चूक छापखान्यातली होती, हे मी तिला आजवर दोनदा सांगितले आहे. तिला ते पटलेले दिसत नाही.

असो. या दिवाळीत जे पुस्तक तुमच्या घरी येईल, ते वाचण्यापूर्वी जरा उलटसुलट करून पाहा. कणा सरळ आहे का, समासात अंगठ्याला जागा आहे का, रफार आपल्या जागी बसला आहे का, आणि वरचा वेश आतल्या माणसाला शोभतो का? आणि माझ्या परीक्षक बंधूंना विनंती अशी, की ते शेवटचे वाक्य लिहिण्यापूर्वी पुस्तक एकदा मिटून हातात घ्यावे. मुद्रण खरोखरच सुबक असेल तर ते कशामुळे, एवढे एक वाक्य अधिक लिहावे.